सम नंबरचे फॉर्म

त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसायचं म्हणजे काय, ते मला विचारा. चष्मा लावला की फळा धूसर, काढला की वही धूसर, आणि शेजारची पोरं "सिस्टर, सिस्टर" करतात तेव्हा ती आदरानं म्हणतात की कीव करून, तेही कळत नाही. एकोणीस वर्षं वॉर्डात काढली मी. अंधारातसुद्धा शीर सापडेल मला. पण खात्यानं साथरोगांच्या अभ्यासक्रमाला पाठवलं आणि पहिल्याच तासाला माझी जी फजिती झाली, ती वर्गात अजून कुणी विसरलेलं नाही.

मॅडमनी विचारलं होतं, कावीळ बायकांना जास्त होते की पुरुषांना? मी ताडकन उठले. "पुरुषांना. माझ्या वॉर्डात दहा काविळींपैकी सात पुरुष असतात. रोज डोळ्यांनी बघते मी."

"छेद किती?" मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"वरचा आकडा सांगितलात, खालचा सांगा. वॉर्डात खाटा किती? त्यात पुरुषांच्या किती?"

"चाळीस. पुरुषांच्या तीस."

सगळा वर्ग खो खो हसला. चाळिसात तीस खाटा पुरुषांच्या असल्यावर दहात सात पुरुष असणारच, त्यात काविळीचा काय संबंध? माझं डोकं असं तापलं म्हणता! पण बाई बरोबर होत्या, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून आम्ही त्यांना छेदबाई म्हणायला लागलो. अर्थात पाठीमागे.

बाई शिकवायच्या छान, हे मी नाकारणार नाही. साथ म्हणजे कुणाला, कुठे आणि कधी, एवढे तीन प्रश्न. आजारी माणसाला विचारायचं तेच धडधाकट माणसालाही विचारायचं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि एक नियम त्या दर आठवड्याला घोकून घ्यायच्या. "संशय आला की त्याच दिवशी मला सांगायचं. नळ बंद करायला संशय पुरतो. पुरावा लागतो तो अहवालाला." मी वहीत लिहिलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. रेघा मारायला काय जातंय.

दुसरी सहामाही सुरू झाली आणि आमच्या जोड्या लावून प्रत्यक्ष कामावर पाठवायचं ठरलं. हीच आमची शेवटची परीक्षा. माझ्या जोडीला आले गुरांचे डॉक्टर. पन्नाशीचा, बुटका, अतिशय सरळ माणूस. "माझे पेशंट तोंड उघडून खोटं बोलत नाहीत, सिस्टर," ते म्हणायचे, "माणसांचं मला नवीन आहे, जरा सांभाळून घ्या." आम्हाला मिळाला कपडे शिवायचा कारखाना. सहाशे कामगार, आणि दोन महिन्यांत चाळीस जणांना कावीळ. रक्ताच्या तपासण्या आल्या होत्या. ही पाण्यातून पसरणारी जात. धट्ट्याकट्ट्या माणसाला महिनाभर झोपवते आणि सोडून देते, पण पोटुशी बाईच्या जिवावर उठते, त्यातून शेवटचे महिने असले तर फारच.

छेदबाईंनी कागद हातात दिला. कारखान्याचा पत्ता मी दोनदा वाचला. तिथलं कँटीन माझ्या ताईचं.

ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सातवीत आणि ती दहावीत. तिनं शाळा सोडली, मला सोडू दिली नाही. नर्सिंगला गेले तेव्हा माझे पांढरे कपडे ती धुवायची, इस्त्री करायची, आणि "डाग पाडून आलीस तर बघ" म्हणायची. गेली चौदा वर्षं ती हे कँटीन चालवतेय. नवऱ्याच्या माघारी तेवढंच तिचं. कारखान्याच्या मॅनेजरला दुसराच कुणीतरी तिथे आणायचाय हे तिला ठाऊक होतं, तो नुसतं निमित्त शोधत होता.

तेव्हाच हात वर करून सांगायला हवं होतं, "मॅडम, तिथे माझी बहीण आहे, मला दुसरीकडे पाठवा." दोन वाक्यं. पण दुसरी जागा म्हणजे पुढचं सत्र, म्हणजे आणखी एक वर्ष या बाकावर. आणि मनात आलं, कँटीनचा काही संबंध नसेलच, ताईच्या हाताला तर स्वच्छतेचं वेड. उगाच कशाला? मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि गप्प बसले.

कारखान्यात पाणी तीन ठिकाणचं. शिलाईच्या मजल्यावर नळ, कँटीनमध्ये स्टीलचं मोठं पिंप, आणि घरून आणलेल्या बाटल्या. तिन्हींचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते, उत्तराला दोन-तीन आठवडे. मॅनेजर म्हणाला, "आधी सिद्ध करा, मग बंद करा," आणि 'हात धुवा' अशी पाटी लावून मोकळा झाला. आम्ही चाळीस आजारी आणि त्याच मजल्यांवरचे ऐंशी धडधाकट निवडले, आणि भांडण नको म्हणून चिठ्ठ्या न काढता नंबर वाटून घेतले. विषम नंबर डॉक्टरांचे, सम माझे. पिवळा फॉर्म आजाऱ्याचा, पांढरा निरोग्याचा. सगळे फॉर्म भरून होईपर्यंत बेरीज करायची नाही, असं छेदबाईंनी बजावलं होतं. एकदा का आकडा दिसला की माणूस त्या बाजूनं विचारायला लागतो, म्हणे.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाक्या बघायच्या होत्या. "कँटीनची बाजू मी बघते," मी घाईघाईनं म्हटलं. डॉक्टर बिचारे शिलाईच्या मजल्यावर गेले.

ताई मला बघून फुलून गेली. "आलीस का गं, छोटे! बघ बाई तपासून. चौदा वर्षांत कुणाचं पोट बिघडलं नाही माझ्याकडे." ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे जमिनीत बांधलेली जुनी टाकी होती. वर सिमेंटचं झाकण, नीट बसलेलं.

"ही कधीपासून वापरतेस?"

"झाले की तीन महिने. पुढच्या नळाला धार नाही. मॅनेजरला सांगून सांगून थकले, तो म्हणाला मागची वापरा."

तीन महिने. आमच्या आलेखावर पहिला आजारी दोन महिन्यांपूर्वीचा होता. टाकीपासून स्वयंपाकघरात जाणारा पाइप मी डोळ्यांनी मागं मागं धरत गेले. तो भिंतीच्या कडेनं जाऊन संडासाच्या चेंबरशेजारी जमिनीत शिरत होता. चेंबर तुडुंब भरलेलं. पाइपाच्या सांध्याभोवतीची माती काळी, ओली. मी वाकून बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"काय गं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. टाकी एकदा घासून घे. आणि क्लोरीन टाक."

"उद्याच घेते."

आणि मी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'टाकी पाहिली. झाकण सुस्थितीत.' खोटं नव्हतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. पाइपाबद्दल कागदावर रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. पाइप म्हटलं की खणणं आलं, खणणं म्हटलं की कँटीन बंद, आणि एकदा बंद झालं की ताईला त्या दारातून पुन्हा आत कोण घेतंय? टाकी घासली की झालं, क्लोरीन पडलं की झालं, मी मनाला समजावत राहिले. 

त्याच दुपारी माझ्यासमोर एक काजवाली आली. काज-बटणाच्या मशीनवर बसणारी, चोवीस-पंचवीसची, पोट चांगलं दिसत होतं. सम नंबर, पांढरा फॉर्म, म्हणजे निरोगी. बोलायला गोड. "सहावा लागलाय, सिस्टर," ती आपणहून म्हणाली.

"पाणी कुठलं पितेस?"

"कँटीनचंच. दवाखान्यात सांगितलंय, भरपूर पाणी पी. दिवसाला आठ-दहा पेले होतात माझे."

आणि मला काय वाटलं, सांगू? मला बरं वाटलं. धडधडीत निरोगी बाई, आणि दिवसाला दहा पेले कँटीनचं पाणी! ताईच्या बाजूनं एक भक्कम खूण पडली. मी ती ठसठशीत केली, "काळजी घे हं" म्हटलं, आणि तिला जाऊ दिलं.

संध्याकाळी घरी पोचले, पर्सही खाली ठेवली नाही, आणि भाचीला फोन लावला. ताईची एकुलती एक लेक, आठवा महिना, आईला मदत म्हणून कँटीनच्या गल्ल्यावर बसायची. "हे बघ, उद्यापासून घरून उकळलेलं पाणी घेऊन जा. तिथलं थेंबभरसुद्धा पिऊ नकोस."

"का गं, मावशी?"

"दिवस भरत आलेत म्हणून. मोठ्यांचं ऐकावं कधीतरी. आणि आईला सांगू नकोस, ती उगाच मनाला लावून घेईल."

फोन ठेवला. टाकी घासून होणार आहे, तर मग हा फोन कशाला? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढचे नऊ-दहा दिवस मी फॉर्म भरले. काही बनवून लिहिलं नाही, देवाशप्पथ. नुसतं विचारायची पद्धत जरा… तुम्हीच बघा. पिवळ्या फॉर्मचा माणूस म्हणायचा, "कँटीनचं पितो." मी म्हणायचे, "रोज? घरून बाटली आणत असाल की!" तो म्हणायचा, "आणतो कधीकधी." "मग मुख्य पाणी घरचंच म्हणायचं." आजारी, थकलेला माणूस, तो कशाला वाद घालतोय? मान हलवायचा. पांढऱ्या फॉर्मची बाई म्हणायची, "मी घरून आणते." की मी, "उकाड्यात बाटली पुरते का? संपली की काय करता?" "संपते एखाद वेळी." "मग कँटीनचंच पीत असाल." "हो, लिहा." मी लिहायचे. रोज सकाळी ठरवायचे, आज सरळ विचारायचं, आणि पहिलाच पिवळा फॉर्म समोर आला की जीभ आपोआप वळायची. जेवण जात नव्हतं. भाचीला रोज फोन करून, आज काय प्यायलीस, म्हणून विचारत होते. ती वैतागली होती माझ्यावर.

तेराव्या दिवशी छेदबाईंच्या खोलीत बसून आम्ही बेरजा केल्या. बाई संगणकाला हात लावू द्यायच्या नाहीत. "आधी हातानं, म्हणजे कुठे दुखतंय ते कळतं." चार खणांचा तक्ता काढला. आजाऱ्यांत कँटीनचं पाणी पिणारे चाळिसात चोवीस. निरोग्यांत ऐंशीत छत्तीस. गुणाकार, भागाकार. एक आलं तर पाण्याचा संबंध नाही, जितकं वर जाईल तितका संबंध दाट. उत्तर आलं एक पॉइंट आठ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची शक्यता धरली तर एकच्या खालपासून जवळजवळ चारपर्यंत. म्हणजे कँटीनवर बोट ठेवता येत नाही. असेलही, नसेलही.

मी इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरांनी वळून पाहिलं. सुटली, मनात म्हटलं, ताई सुटली.

बाई मात्र तक्त्याकडे बघत राहिल्या. "गंमत आहे," त्या पुटपुटल्या. "विषम आणि सम वेगळे करा बघू."

"का?" मी विचारलं. 

"सवय म्हणून. विचारणारी माणसं दोन होती ना?"

वेगळे केले. डॉक्टरांच्या वीस आजाऱ्यांत कँटीनचं पाणी पिणारे सतरा, चाळीस निरोग्यांत चौदा. उत्तर दहाच्या वर. माझ्या वीस आजाऱ्यांत सात, चाळीस निरोग्यांत बावीस. उत्तर अर्ध्याहून कमी. माझे फॉर्म खरे मानले तर ताईचं पाणी पिऊन कावीळ बरी व्हायला हवी होती.

 छेदबाईंनी चष्मा काढला. "एकच कारखाना, तेच मजले, नंबर वाटून घेतलेले. एवढा फरक नशिबानं पडत नाही. तुम्हा दोघांपैकी कुणीतरी उत्तरं तोंडात घालत होतं." आणि त्या वळल्या डॉक्टरांकडे. "डॉक्टर, पहिल्या दिवसापासून तुम्ही 'पाणी, पाणी' करत होतात. दहा हा आकडा जरा जास्तच चांगला आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मला वाटलं ते भडकतील. भडकले असते तर बरं झालं असतं. पण तो माणूस विचारच करायला लागला. "असेल, मॅडम," ते सावकाश म्हणाले. "माझ्या डोक्यात पाणी होतं, हे खरं आहे. माणसांशी बोलायची सवय नाही मला. माझेच फॉर्म बाद करा. वाटलं तर मी ते साठही पुन्हा विचारून येतो." आणि खरंच त्यांनी आपला गठ्ठा पुढे ओढला आणि वरच्या फॉर्मवर पेन्सिलीनं फुली मारायला घेतली.

"पुन्हा विचारायला किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"आठ-दहा."

आठ-दहा दिवस आणखी. काजवालीचे दिवसाला दहा पेले. तो हिशेब माझ्या डोक्यात कुठून आला कोण जाणे, पण आला.

"डॉक्टर, फुली मारू नका," मी म्हटलं. "मी मारलेली आहे. माझ्या फॉर्मवर. म्हणजे, माझेच चुकीचे आहेत. कँटीन माझ्या बहिणीचं आहे."

मग सगळं बाहेर पडलं. पाइप, चेंबर, काळी माती, फोन. रडत होते की काय, आठवत नाही. डॉक्टर फुली अर्धी टाकून तसेच बसले होते.

छेदबाई ओरडल्या नाहीत. फोन उचलून त्यांनी आधी कँटीनचं पिंप रिकामं करायला आणि पाइप तोडायला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "भाचीला फोन कधी केलात?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तपास तुम्ही दुसऱ्याच दिवशी पूर्ण केला होता, सिस्टर. संशयित कोण तेही ओळखलंत आणि उपायही सांगितलात. फक्त सहाशे माणसांपैकी एकीला. आज तेरावा दिवस." मग त्या म्हणाल्या, "अभ्यासक्रमाचं काय करायचं ते नंतर बघू. आधी जा."

तास-दीड तासात आम्ही कारखान्यात होतो. कामगारांनी जमीन उकरली. सांधा पुरता सुटलेला होता, चेंबरचं पाणी सरळ त्यात शिरत होतं. टाकी काय घासायची होती! ताई पदर तोंडाला लावून बघत होती. मी तिच्याजवळ गेले, तर तीच बोलली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पोरगी घरून पाण्याची बाटली आणायची, ते तूच सांगितलंस? यासाठी?"

"हो गं."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मीच कुलूप घातलं असतं. मी रोज माझ्या हातानं पेले भरून देत होते, छोटे. पोरींना. माझ्या हातानं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं एक थोबाडीत दिली असती तर बरं. तिनं दिली नाही. पदर खोचला, आत गेली आणि भांडी उपडी घालायला लागली. कँटीन त्या दिवशी बंद झालं ते तिच्या हाती पुन्हा आलं नाही. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

माझं वर्ष गेलंच. त्याचं मला काही वाटलं नाही, इतकं बाकीचं वाटत होतं. पाणी थांबलं तरी साथ लगेच थांबत नाही, हेही शिकलेलं होतंच. विष आत गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन आठवडे ते दोन महिने लागतात. छेदबाईंनी मला एकच काम दिलं. कारखान्यातल्या पोटुशी बायकांची यादी करायची, दर तिसऱ्या दिवशी प्रत्येकीला भेटायचं, डोळे बघायचे, लघवीचा रंग विचारायचा, रक्त न्यायचं. नऊ जणी होत्या. मी नऊही घरं पाठ केली. पण पाय आधी काजवालीकडे वळायचे.

तिला वाटायचं, केवढी मायाळू सिस्टर आहे. "या, या," म्हणून ती खुर्ची पुढे करायची, उशीवरचं शिवण बाजूला सारायची. मी खिडकीशी नेऊन तिची पापणी खाली ओढायचे. पांढरीशुभ्र. "तुमची रोजची तीच तऱ्हा!" ती हसायची. "माझी सासूसुद्धा एवढी बघत नाही माझ्याकडे." चौथा दिवस, सातवा, दहावा. चौदा दिवस झाले, मी म्हटलं, पहिला उंबरठा ओलांडला. एकवीस झाले. अठ्ठावीस. मधल्या काळात भाचीची सुटका झाली, मुलगी झाली, दोघी ठणठणीत. मी दवाखान्यात गेले, बाळाला पाहिलं आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. बसवेना मला तिथे.

चौतिसाव्या दिवशी काजवालीनं दार उघडायला वेळ लावला. "अंग मोडून आलंय, सिस्टर. अन्नावर वासनाच नाही कालपासून." खिडकीशी न्यायची गरज पडली नाही. दारातच दिसलं.

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्या शेजारी बसले. सातवा सरत आला होता तिला. वॉर्डात खाट मिळाली, सलाईन लागलं. शीर मीच शोधली. मग फॉर्म भरायचा होता. नवीन रुग्ण, पिवळा फॉर्म, तो तर भरावाच लागतो. तिची सासू बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. मी खुर्ची ओढली.

"कँटीनचं पाणी शेवटचं कधी प्यायलीस?"

ती दमून पडली होती. "बंद झालं त्याच दिवशी. सकाळी." मग म्हणाली, "नेमकं कुठल्या दिवसाच्या पाण्यानं झालं हो हे?"

मी बोटं मोजली, जणू आधी हजारदा मोजली नव्हती. चौतीस दिवसांपूर्वी पाणी बंद झालं. त्याआधीचे अकरा दिवस माझे. त्याआधीचे माझे नव्हेत. चौतीस ते पंचेचाळीस, माझ्या दिवसांत बसतं. पंचेचाळीस ते साठ, माझ्या दिवसांच्या आधीही बसतं. आपल्या शास्त्राला सहाशेंबद्दल सांगता येतं, एकीबद्दल नाही. मला कुणी म्हणेल, मग तू सुटलीस की. मी ते करून पाहिलंय, सुटता येत नाही.

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण तू माझ्याकडे फॉर्म भरायला आलीस ना, त्या दिवशी मला माहीत होतं पाण्यात काय आहे ते. सकाळीच पाहिलं होतं मी. तुला बोलले नाही. तू दहा पेले म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. कँटीन माझ्या बहिणीचं. संध्याकाळी घरी जाऊन मी भाचीला फोन केला, पिऊ नकोस म्हणून. तिलाही दिवस गेलेले होते."

तिनं मान माझ्याकडे वळवली. पिवळ्या डोळ्यांत राग आहे की काय आहे, मला वाचता येईना. हात पोटावर होता.

"भाची कशी आहे तुमची?"

"बरी आहे."

"आणि बाळ?"

"बरंय. मुलगी."

तिनं मान हलवली.  मी फॉर्मवर पेन टेकवून तशीच बसले. मला विचारायचं होतं ते विचारून झालं होतं, आणि तिच्या तोंडात घालायला माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

"लिहिलंत का ते?" तिनं विचारलं.

"काय?"

"आत्ता सांगितलंत ते. माझ्या कागदावर."

"त्याला रकाना नाही गं."

"मग कडेला लिहा," ती म्हणाली. "सगळं लिहा. मी वाचते, मग सही करते."

मी फॉर्म आडवा धरला आणि कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहायला लागले.